गारव्याचा जमाखर्च

आपल्या घरातला फ्रीज आपल्याला सहसा दिसत नाही. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात तो मंद गुरगुरत उभा असतो, त्याच्या दारावर नातवंडांचं शाळेचं वेळापत्रक चिकटवलेलं असतं, वर लोणच्याच्या रिकाम्या बरण्या. तो आहे याची जाणीव होते ती वीज गेल्यावर, दुधाचं आता काय करायचं हा प्रश्न पडल्यावर. शहरातल्या माणसाचा फ्रीज म्हणजे दूध, कोथिंबीर, कालची भाजी आणि उन्हाळ्यात गार पाणी. माझ्या थोरल्या बहिणीचा, आक्काचा फ्रीज म्हणजे इन्सुलिनच्या दोन बाटल्या. बाकी सगळं त्या दोन बाटल्यांच्या भोवती, त्यांच्या परवानगीनं ठेवलेलं.

आक्काचं वय ७४. ती जिंतूर तालुक्यात, गावापासून दोन किलोमीटरवर आखाड्यावर राहते. आखाडा म्हटलं की पुण्या-मुंबईच्या वाचकाला कुस्ती आठवेल. आमच्या परभणी-हिंगोलीकडं शेतातल्या वस्तीला आखाडा म्हणतात. पूर्वी तिथं बैल, सालगडी आणि कडबा असायचा. मालक संध्याकाळी गावात परतायचा. आता वाटण्या झाल्या, गावातली घरं अपुरी पडली, आणि कितीतरी कुटुंबं बारा महिने आखाड्यावरच राहू लागली. दाजी गेल्यावर आक्का आणि माझा भाचा तिथंच स्थिरावले. पत्र्याच्या तीन खोल्या, पुढं लिंबाचं झाड, मागं गोठा. त्याच तालुक्यात पूर्णा नदीवर येलदरीचं धरण आहे आणि त्याच्या पायथ्याशी २२.५ मेगावॅटचं वीजकेंद्र. आक्काच्या घरापर्यंत मात्र विजेची तार कधी आली नाही.

तीन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात आक्काची साखर एकाएकी वाढत गेली. डोस तोच, जेवण तेच, वेळा त्याच; तरी साखर चारशेच्या पुढं. तिला परभणीला आणून दवाखान्यात दाखल करावं लागलं. डॉक्टरांनी कागद बाजूला ठेवून पहिला प्रश्न विचारला, "औषध ठेवता कुठं?" आम्ही अभिमानानं सांगितलं, फ्रीजमध्ये. "फ्रीज चालतो का?" या दुसऱ्या प्रश्नाला आम्हा मामा-भाच्यांकडं उत्तर नव्हतं. उष्णतेनं कमजोर झालेलं इन्सुलिन बहुतेक वेळा दिसायला ताज्या इन्सुलिनसारखंच असतं. त्याला वास येत नाही, ते दुधासारखं नासत नाही. आक्का रोज नेमानं सुई टोचून घेत होती आणि औषधाचा जोर बाटलीतच ओसरला होता.

तो फ्रीज मी घेऊन दिला होता. म्हणून हा लेख.

आधी तार का आली नाही ते सांगतो. महाराष्ट्रात गावठाणाची वीजवाहिनी आणि शेतीपंपांची वाहिनी वेगळी करण्याचं काम मोठ्या प्रमाणावर झालं. त्यामागचा विचार चुकीचा नव्हता. २००५ नंतरची ती भारनियमनाची वर्षं आठवून पाहा. शेतीची वीज बंद करायची तर सगळं गावच अंधारात जायचं, परीक्षेच्या दिवसांत पोरं कंदिलाशी बसायची. वाहिन्या वेगळ्या झाल्या, गावाला दिवसरात्र वीज मिळू लागली आणि शेतीला पाळीनं साधारण आठ तास. कागदावर हिशेब चोख होता. त्यात एकच गोष्ट राहून गेली. शेतात फक्त मोटरी नाहीत, माणसंही राहतात. आखाड्यावरच्या घराला शेतीच्या वाहिनीचे आठ तास मिळाले तर मिळाले. डीपी जळाली की तेही गेले. माझ्या भाच्यानं तर पंपाच्या जोडणीचे पैसे भरून वर्षानुवर्षं वाट पाहिली. शेवटी मिळाला तो सौर पंप. पंप उत्तम आहे, दिवसा पाणी देतो, रात्री साप-विंचवाच्या अंधारात मोटर चालू करायला जावं लागत नाही. पण सौर पंपाबरोबर तार येत नाही. घर होतं तिथंच राहिलं.

मग मी मध्ये पडलो. आयुष्यभर बँकेत लोकांचे ताळेबंद तपासलेला माणूस. म्हटलं, आक्काच्या घराचा प्रश्न आपण सोडवू. एका दुकानात गेलो. दुकानदारानं विचारलं, "किती लिटरचा पाहिजे?" मी म्हटलं, लहान. त्यानं १६५ लिटरचा साधा उभा फ्रीज, १५० अँपिअर-अवरची बॅटरी, इन्व्हर्टर आणि मिळून ३३० वॅटच्या दोन प्लेटा दिल्या. रोज वीज किती लागेल हे त्यानं विचारलं नाही आणि मीही विचारलं नाही. कर्जदारानं असा अर्ज आणला असता तर मी तो परत केला असता.

दवाखान्याच्या बाकावर बसून मी जो हिशेब केला तो खरेदीच्या आधी करायला हवा होता. वाचकांपुढं तो मांडतो, कारण इन्व्हर्टर घेणाऱ्या शहरातल्या घरालाही तो उपयोगी पडेल.

जमा बाजू अशी. ३३० वॅटच्या प्लेटा दिवसभर ३३० वॅट देत नाहीत. सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन, धूळ आणि तापलेल्या प्लेटेची घट वजा जाता आपल्याकडच्या चांगल्या दिवसाला साधारण सव्वा युनिट हाती येतं. त्यातलं जे बॅटरीत घालून परत काढायचं, त्यावर बॅटरी आपलं कमिशन कापून घेते.

खर्चाची बाजू अशी. फ्रीजच्या दारावर ताऱ्यांची पट्टी असते, तीवर वर्षाचे युनिट लिहिलेले असतात. आमच्या फ्रीजचा हिशेब दिवसाला अर्धा युनिट पडत होता. पण तो आकडा ठरावीक तापमानाच्या चाचणीतला. बाहेर ४३ अंश, वर पत्रा आणि घरात येणारा-जाणारा प्रत्येक जण गार पाण्यासाठी दार उघडणारा. मे महिन्यात तोच फ्रीज एक युनिट खातो. त्यानंतर इन्व्हर्टर. बॅटरीच्या विजेचं घरच्या विजेत रूपांतर करण्यासाठी तो २४ तास जागा असतो आणि जागं राहण्याचेच सुमारे १५ वॅट घेतो. दिवसाचे झाले ३६० वॅट-तास, म्हणजे एक तृतीयांश युनिटाहून जास्त. काम काहीच नाही, नुसती हजेरी. वर दोन दिवे आणि एक पंखा. एकूण खर्च पावणेदोन युनिट. जमा सव्वा, खर्च पावणेदोन.

आता शिल्लक बघा. १२ व्होल्ट गुणिले १५० म्हणजे १,८०० वॅट-तास, पावणेदोन-दोन युनिट. हा आकडा बॅटरीवर लिहिलेला असतो आणि तोच माणसाला फसवतो. शिशाच्या बॅटरीतून रोज निम्म्यापेक्षा जास्त काढू नये; काढलं तर ती लवकर मरते. म्हणजे वापरायची शिल्लक ९०० वॅट-तास, तर एका रात्रीची मागणी अकराशेच्या घरात. पहाटे तीन-चारला इन्व्हर्टर किंचाळायचा, आक्का उठून तो बंद करायची आणि ऊन चढेपर्यंत फ्रीज ही एक बंद पेटी असायची. दिवसा बॅटरी पुरती भरत नव्हती. अर्धवट भरलेल्या बॅटरीत शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेटचा थर कडक होत जातो, तिची ताकद घटते. त्यात ती पत्र्याच्या खोलीत. २५ अंशांच्या वर दर दहा अंशांना बॅटरीचं आयुष्य साधारण निम्मं होतं असा या धंद्यातला ठोकताळा आहे. चौदाव्या महिन्यात आमची बॅटरी बुडीत खात्यात गेली. त्याआधीचे कितीतरी आठवडे रोज पहाटे इन्सुलिन कोमट होत होतं, आणि ते कोणी मोजत नव्हतं.

हे सगळं आठवताना मला माझी नोकरीतली पहिली वर्षं आठवली. ऐंशीच्या दशकात एकात्मिक ग्रामीण विकास योजनेत आम्ही ग्रामीण शाखांतून म्हशींसाठी कर्जं वाटली. उद्दिष्ट ठरलेलं असायचं. म्हशीच्या कानाला बिल्ला लागायचा, विमा निघायचा, फोटो निघायचा. ज्याला म्हैस दिली त्याच्याकडं चारा किती, पाणी कुठून आणणार, भाकड काळात म्हशीला काय खाऊ घालणार, हे रकाने आमच्या अर्जात असले तरी आमच्या डोक्यात नव्हते. म्हैस मेली की बिल्ला घेऊन माणूस शाखेत यायचा. मी ते कान-बिल्ले टेबलावर घेतले आहेत. चाळीस वर्षांनी माझ्याच बहिणीच्या घरी मी चारा न मोजता म्हैस बांधली.

उत्तर मिळालं ते एका प्राथमिक आरोग्य केंद्रात. आक्काला घरी सोडल्यावर सुट्या इन्सुलिनची सोय विचारायला गेलो होतो. तिथल्या सिस्टरनं आतल्या खोलीतली लसींची पेटी दाखवली. वरून उघडणारी, संदुकीसारखी. "काका, हिच्या भिंतीत बर्फ असतो. चोवीस तासांत आठ तास लाईट मिळाली तरी हिला पुरतं." पेटीवर तक्ता टांगलेला, सकाळ-संध्याकाळचं तापमान लिहिलेला. दोन ते आठ अंश, ना कमी ना जास्त. इन्सुलिनची न फोडलेली बाटलीही याच दोन ते आठ अंशांत ठेवायची असते.

१९८५ मध्ये देशात सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम सुरू झाला तेव्हापासून खेड्यापाड्यांत लस गार ठेवण्याचा हा खटाटोप चालू आहे. वीज नसलेल्या ठिकाणी काय करायचं हा प्रश्न जगभर होता. ऐंशीच्या दशकात आफ्रिका-आशियात सूर्यावर चालणारे, बॅटरीचे फ्रीज दिले गेले. त्यांतले पुष्कळ काही वर्षांत मुके झाले आणि मुख्य दुखणं बॅटरीचंच निघालं. ती संपली की नवी कोण आणणार, पैसे कोणत्या खात्यातून, याचं उत्तर कोणापाशी नव्हतं. मग २००१ च्या सुमारास जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ, ग्रीनपीस, डेन्मार्कची तंत्रसंस्था, जर्मनीची तांत्रिक सहकार्य संस्था अशा मंडळींनी मिळून 'सोलरचिल' नावाचं काम हाती घेतलं. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' ही आमची जुनी म्हण. तेव्हा या कामाशी आमचं नातं लागतंच. त्यांनी बॅटरी काढूनच टाकली. प्लेटेची वीज थेट कॉम्प्रेसरला द्यायची, दिवसा बर्फ करायचा आणि रात्र त्या बर्फावर काढायची.

यातली गंमत साधी आहे. आपल्याला साठवायचा असतो गारवा, आणि आपण साठवतो वीज. एक किलो बर्फ वितळताना ८० किलोकॅलरी उष्णता गिळतो; विजेच्या भाषेत सुमारे ९३ वॅट-तास. पाच किलो बर्फात जवळजवळ अर्ध्या युनिटाइतका गारवा ठेवलेला असतो. तो करायला तेवढी वीजही लागत नाही, कारण फ्रीज उष्णता आतून उचलून बाहेर टाकण्याचं हमालीचं काम करतो आणि खर्च केलेल्या विजेपेक्षा जास्त उष्णता वाहून नेतो. शिवाय बर्फाला सल्फेट धरत नाही. हजार वेळा गोठवा, हजार वेळा वितळवा, पाणी ते पाणीच. बँकेच्या भाषेत बॅटरी हे चालू खातं आहे. सोयीचं, पण प्रत्येक उलाढालीला शुल्क घेणारं. बर्फ ही मुदत ठेव.

इथं आपल्या मराठवाड्यातला एक प्रयोग आठवतो. गोदरेज कंपनीनं २००८ मध्ये तेव्हाच्या उस्मानाबादेत, आजच्या धाराशिवात, शेकडो बायकांना एकत्र बसवून तुम्हाला कसा फ्रीज हवा हे विचारलं. त्यातून 'छोटुकूल' ही पेटी आली. आठ किलोच्या आतबाहेर वजन, वरून उघडणारी, १२ व्होल्टवर म्हणजे थेट बॅटरीवरही चालणारी. वरून उघडण्यातही शहाणपण होतं. गार हवा जड असते. उभ्या फ्रीजचं दार उघडलं की ती पायांवर सांडते, संदुकीचं झाकण उघडलं तर आतच बसून राहते. पण तिच्यात कॉम्प्रेसर नव्हता, विजेवर थंड होणारी चकती होती. अशी चकती बाहेरच्या हवेपेक्षा वीसेक अंशच खाली नेऊ शकते. ४३ अंशांच्या दुपारी आत तेवीस. भाजीला, दुधाला ठीक, औषधाला नाही. पुढं त्या पेटीचं गिऱ्हाईक शहरातच जास्त शोधलं गेलं. तरीही मला त्या प्रयोगाचा आदर वाटतो. वापरणाऱ्या बाईला आधी विचारलं, ही गोष्ट आपल्याकडं दुर्मिळ आहे.

आता कोणी म्हणेल, एवढा उपद्व्याप कशाला? आमच्या आजीनं माठातच सगळं गार ठेवलं. माठाची थोरवी मलाही मान्य आहे. आमच्या कोरड्या एप्रिल-मे महिन्यांत ओल्या फडक्यातलं मडकं बाहेरच्या हवेपेक्षा बराच गारवा देतं आणि एक पैशाची वीज घेत नाही. पावसाळी दमट हवेत मात्र पाणी उडत नाही आणि माठ हतबल होतो. इन्सुलिनबद्दलही उगाच घाबरून जाऊ नये. वापरात असलेली बाटली फ्रीजबाहेर, पण २५-३० अंशांच्या आत, साधारण चार आठवडे टिकते. केनियातल्या निर्वासितांच्या छावणीतलं तापमान प्रमाण धरून केलेला एक अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात २५ ते ३७ अंशांत वरखाली होणाऱ्या तापमानातही इन्सुलिन चार आठवडे टिकल्याचं दिसलं. पण आमच्याकडं पत्र्याखालची दुपार ३७ वर थांबत नाही. म्हणून वापरातली बाटली माठाशेजारी चालेल असं डॉक्टर म्हणाले तरी पुढच्या महिन्याची बाटली कुठं ठेवायची हा प्रश्न उरतोच. आखाड्यावरून औषधाच्या दुकानापर्यंत जाणं म्हणजे भाच्याचा अर्धा दिवस मोडतो.

तेव्हा दुसरी मांडणी केली. ट्रकवाले गाडीत ठेवतात तसला, ५० लिटरचा, वरून उघडणारा, कॉम्प्रेसरचा फ्रीज आणला. तो १२ व्होल्टवर थेट चालतो, म्हणून इन्व्हर्टर कायमचा रजेवर गेला. साधा फ्रीज सुरू होताना एकदम कितीतरी पट करंट ओढतो. हा हलक्या पावलानं सुरू होतो आणि चालताना ५०-६० वॅट घेतो. लिटरच्या हिशेबानं तो महाग पडला, हे कबूल. पण आपण लिटर विकत घेत नाही, दोन ते आठ अंश विकत घेतो, हे मी शिकलो होतो. प्लेटा त्याच ठेवल्या. बॅटरी नवी घेतली आणि खोलीतून काढून उत्तरेच्या पडवीत, सावलीला ठेवली.

फ्रीजच्या कडेनं पाण्याच्या पाच बाटल्या आडव्या लावल्या, मध्ये थर्माकोलची भिंत, आणि मधल्या डब्यात औषधाची जागा. सकाळी नऊ ते चार ऊन असताना फ्रीज जोरात चालवायचा, बाटल्या गोठवायच्या. चारनंतर काटा वर करायचा आणि झाकण शक्यतो उघडायचं नाही. रात्र त्या बर्फावर जाते, बॅटरीवर उरतात दिवे आणि पंखा. एक धोका होता. इन्सुलिन गोठलं तर उष्णतेइतकंच वाया जातं आणि गोठून वितळलेली बाटली वापरायची नसते, फेकायची असते. म्हणून पहिले पंधरा दिवस औषधाच्या जागी पाण्याची छोटी बाटली आणि थर्मामीटर ठेवला. तिसऱ्या दिवशी तापमान शून्याच्या खाली गेलेलं दिसलं. थर्माकोलचा आणखी एक थर लावला. मग पाच, सहा, सात असे आकडे येऊ लागले. त्यानंतरच इन्सुलिन आत गेलं.

मला भीती होती ती झडीची. श्रावणात आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही, तेव्हा काय? झड आली आणि जमा खरंच निम्म्याच्याही खाली उतरली. पण खर्चही उतरला. बाहेर २५ अंश असताना पेटीत उष्णता शिरणार किती? ऊन कमी तेव्हा ऊब कमी, ऊब जास्त तेव्हा ऊन जास्त. निसर्गानं हा एक ताळेबंद आपल्यासाठी आधीच जुळवून ठेवला आहे, हे मला साठीनंतर कळलं.

एवढं झाल्यावर माझं घरगुती काम संपलं. पण आखाड्यावर बसलं की समोर एक दृश्य रोज दिसतं आणि ते मला स्वस्थ बसू देत नाही. घरापासून तीस पावलांवर सौर पंपाच्या प्लेटा उभ्या आहेत. पाच अश्वशक्तीच्या पंपाला सुमारे ५,००० वॅटच्या प्लेटा लागतात. पावसाळ्यात पंप बंद, सोयाबीन काढणीला आलं की बंद, विहीर आटली की बंद. त्या दिवसांत पाच हजार वॅटचं ऊन नुसतं प्लेटा तापवून जातं. आणि त्यांच्या सावलीत एक घर ६० वॅटच्या फ्रीजसाठी वेगळ्या प्लेटा, वेगळी बॅटरी, वेगळा खर्च करतं.

केंद्राची कुसुम योजना २०१९ ची. तिच्या मार्गदर्शक सूचनांत पंपाशिवाय कडबा-कुट्टी, पिठाची गिरणी, शीतपेटी, बॅटरी चार्जर अशी कामं करू शकणाऱ्या सार्वत्रिक नियंत्रकाची तरतूद आहे. म्हणजे दिल्लीच्या कागदावर हा विचार झालेला आहे. महाराष्ट्रात २०२४ पासून 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजना आहे. शेतकऱ्यानं दहा टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यानं पाच टक्के. योजना चांगली आहे. पण पंप मागणाऱ्याला एकच प्रश्न जास्तीचा विचारावा, "शेतात कोणी राहतं का?" उत्तर होय असेल तर त्या नियंत्रकाला घरासाठी १०० वॅटचं एक तोंड द्यावं, बंद खोक्यातून, कंत्राटदाराच्या हमीसकट. पाणी जास्त उपसलं जाईल, वापराचा गैरफायदा घेतला जाईल, असे आक्षेप येतील. १०० वॅटवर विहीर उपसता येत नाही, हे त्यांवरचं उत्तर. मात्र वाचकांपैकी कोणी शेतकरी असेल तर त्याला हात जोडून सांगतो की हे काम स्वतः तार ओढून करू नका. त्या प्लेटांचा दाब जीवघेणा असतो आणि छेडछाड केली तर पंपाची हमी जाते.

दुसरी गोष्ट आपल्या कल्पनेतल्या गरीब घराची. २०१७ च्या सौभाग्य योजनेत तार न पोचणाऱ्या दुर्गम घराला २०० ते ३०० वॅटचा सौर संच देण्याची तरतूद होती. पाच दिवे, एक पंखा, एक प्लग. एवढं मिळालं तरी अंधारातल्या घराला ती दिवाळीच, यात शंका नाही. पण यादी पंख्याशी थांबते. त्या घरात साखरेचा रोगी असेल, त्याचं औषध गार ठेवावं लागेल, हे यादी करणाऱ्याच्या मनात आलं नाही, कारण फ्रीज ही अजून आपल्याला चैनीची वस्तू वाटते. साखरेचा आजार आता पेठेतून आखाड्यापर्यंत पोचला आहे. आमच्या आखाड्याच्या आसपासच्या वस्त्यांवर मीच तिघं इन्सुलिनवाले मोजले. त्यांच्यासाठी ही पेटी माठाइतकीच गरजेची आहे.

आणि तिसरी गोष्ट म्हशीची. जे काही द्याल त्याचा चारा मोजा. संच बसवल्याचा फोटो काढून फाइल बंद करू नका. पाचव्या वर्षी बॅटरी कोण बदलणार, पैसे कुठून येणार, प्लेटा कोण पुसणार, हे पहिल्याच दिवशी लिहून द्या. बॅटरीऐवजी बर्फात काम भागत असेल तर बर्फ करा. हे कोणत्याही खात्याला न जमण्यासारखं नाही. आरोग्य खात्यानं लसींसाठी ते करून दाखवलं आहे.

गेल्या महिन्यात आखाड्यावर गेलो होतो. आक्काच्या फ्रीजमध्ये आता तिच्या दोन बाटल्यांशेजारी आणखी तीन बाटल्या होत्या, प्रत्येकीला वेगळ्या रंगाचा दोरा बांधलेला. शेजारच्या वस्तीवरच्यांच्या. झाकण दिवसातून दोनदाच उघडतं. त्या वेळेला ज्याला यायचं त्यानं यावं, असा तिचा नियम आहे. गार पाणी मागितलं तर ती माठाकडं बोट दाखवते. मलाही तिनं तेच केलं.

फ्रीजशेजारी खिळ्याला माझ्या बँकेची एक जुनी डायरी टांगलेली होती. मी निवृत्त झालो त्या वर्षीची, कोरी राहिलेली. तिच्यात आक्काच्या थरथरत्या अक्षरात रोजच्या दोन नोंदी. सकाळी ५, संध्याकाळी ७. सकाळी ४, संध्याकाळी ६. एका ठिकाणी संध्याकाळी ९ लिहून त्याखाली रेघ मारलेली. मी विचारलं, हे काय?

"त्या दिवशी पाहुणे आले होते," आक्का म्हणाली. "झाकण उघडं राहिलं. तू ओरडशील म्हणून लिहून ठेवलं."